केडगावचे बायबल आणि टिळकांचा अभंग

ख्रिस्ती धर्म व नीती ह्यांवर मराठीत काय वाचावे, असे विद्यार्थी आम्हांस वरचेवर विचारतात. त्यांस इंग्रजी ग्रंथांची यादी देऊन वाटेला लावणे सोपे. पण शिरूर-दौंडच्या मुलुखात राहणाऱ्यास ती पळवाट शोभत नाही. शिरूरास अमेरिकन मराठी मिशनचे ठाणे होते. आणि दौंड तालुक्यातील केडगावी पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून बायबलाचे भाषांतर केले. त्यांच्या निधनानंतर, १९२४ साली, ते समग्र प्रसिद्ध झाले. छपाईचे कामही मुक्तिमिशनातील स्त्रियांनीच केले.

हिंदू तत्त्वज्ञानाचा अर्थ ज्यांस चिकटला आहे असे संस्कृत शब्द टाळून, अल्पशिक्षित स्त्रीसही उमजेल अशी भाषा बाईंनी हेतुतः पत्करली. त्यांचे १८८२ सालचे 'स्त्रीधर्मनीति' शेजारी ठेवावे, म्हणजे ह्या त्यागाचे मोल कळते. संस्कृतप्रचुर लेखन जिला सहजसाध्य, त्या विदुषीने आपले भूषण आपल्याच हातांनी उतरवून ठेविले. नीतीचा ह्याहून बोलका पाठ आम्हांस ठाऊक नाही.

तथापि एक प्रश्न उरतोच. पूर्वसंस्कार पुसल्याने शब्द निर्मळ होतो, की निराधार? फादर स्टीफन्स ह्यांनी १६१६ साली 'ख्रिस्तपुराणा'साठी ओवी घेतली, रेव्हरंड ना. वा. टिळकांनी अभंग घेतला. दोघांनीही परकी वाटणारी श्रद्धा ओळखीच्या घरात उतरविली. भक्तीस ही वाट मानवते. पण तिच्यात एक धोका आहे. गोडी ओळखीची लागली, की विचारही कळला असे समजून वाचक पुढे सरकतो. रमाबाईंचे अनलंकृत, क्वचित् रूक्षही वाक्य त्यास थांबविते. काव्यात टिळक श्रेष्ठ. परंतु अर्थाशी झुंजण्यास केडगावचाच ग्रंथ हवा.

म्हणून आमची शिफारस अशी : प्रथम बाबा पदमनजींचे 'अरुणोदय' हे आत्मचरित्र, नंतर टिळकांचे अभंग, त्यापुढे रमाबाईंच्या भाषांतरातील पर्वतावरील प्रवचन. शेवटी, इंग्रजी येत असल्यास, १९७७ साली ग्रंथरूपाने निघालेला बाईंचा पत्रव्यवहार वाचावा. १८८३ साली इंग्लंडात बाप्तिस्मा घेतल्यावरही, पित्यापुत्रपवित्रात्म्याच्या त्रैक्यासारख्या सिद्धांतांविषयी त्या आपल्या इंग्रज मार्गदर्शिकांशी निर्भयपणे वाद घालतात. श्रद्धा स्वीकारणे म्हणजे बुद्धी गहाण टाकणे नव्हे, हे त्या पत्रांतून दिसते. आणि कोणत्याही धर्माच्या वाचकास ह्याहून अधिक काय हवे?