लाल होत जाणारा मेंदू : एका चित्रफितीचे परीक्षण

अल्झायमरच्या आजारावर व्याख्यान असले की बरेचदा पडद्यावर एक फिरणारा मेंदू येतो. सुरुवातीला त्याचा बराचसा भाग निळा असतो. मग कानशिलाच्या बाजूचा लाल डाग पसरू लागतो आणि काही सेकंदांत कपाळामागचा भागही व्यापतो. या चित्रफितीचे मूळ लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील पॉल थॉम्पसन, आर्थर टोगा आणि सहकाऱ्यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात आहे. संशोधन मोलाचे आहे, याबद्दल आम्हाला शंका नाही. पण वर्गात दाखवायचे साधन म्हणून ही चित्रफीत तपासून घेतली पाहिजे, कारण ती जे सांगते त्यापेक्षा पुष्कळ जास्त सांगितल्याचा भास निर्माण करते.

आधी हे चित्र तयार कसे होते ते पाहू. अल्झायमरचे १२ रुग्ण आणि साधारण त्याच वयाच्या १४ निरोगी व्यक्ती यांचे प्रत्येकी दोन वेळा, सुमारे दोन वर्षांच्या अंतराने एमआरआय काढले. म्हणजे एकूण ५२. एमआरआय यंत्र फोटो काढत नाही. प्रबळ चुंबकीय क्षेत्रात पाण्यातील हायड्रोजनच्या अणुकेंद्रांकडून येणारा संकेत ते मोजते आणि साधारण एक मिलिमीटर बाजूच्या प्रत्येक घनाला एक संख्या देते. कोणता घन करड्या द्रव्याचा, कोणता पांढऱ्या द्रव्याचा आणि कोणता नुसत्या द्रवाचा, हे संगणक त्या संख्येवरून ठरवतो. पुढची अडचण अशी की, दोन माणसांच्या तळहातावरच्या रेषा जशा जुळत नाहीत तशा मेंदूच्या घड्याही जुळत नाहीत. म्हणून मुख्य खाचा माणसांनी हाताने आखल्या आणि एकाचा मेंदू गणिताने ताणून-दाबून दुसऱ्यावर बसवला. मग सरासरी काढली. पडद्यावर फिरणारा तो सुबक मेंदू कोणाचाच नसतो.

रंगाचेही तसेच आहे. अल्झायमर झालेला मेंदू लाल होत नाही. शवविच्छेदनात तो आक्रसलेला, खाचा रुंदावलेला दिसतो, एवढेच. लाल म्हणजे ‘निरोगी गटाच्या सरासरीपेक्षा इथे करडे द्रव्य अमुक टक्क्यांनी कमी’. कोणत्या टक्केवारीला कोणता रंग द्यायचा, हे माणूस ठरवतो. घट सावकाश वाढत असते, पण निळ्याकडून लालकडे जाताना डोळ्याला तिथे एकदम सीमा दिसते. ही सीमा किती फसवी आहे पाहा. या पद्धतीत प्रत्येक बिंदूची किंमत त्याच्याभोवतीच्या सुमारे दीड सेंटिमीटर त्रिज्येच्या गोलातील करड्या द्रव्याच्या प्रमाणावरून काढली होती. तीन सेंटिमीटर रुंद कुंचल्याने रंगवलेल्या चित्रात केसाएवढी बारीक कडा कुठून येणार?

काळाबाबत आमची तक्रार अधिक गंभीर आहे. फूल उमलतानाची चित्रफीत आपण पाहतो तेव्हा तिच्यातली प्रत्येक चौकट खरोखर टिपलेली असते. इथे मोजमाप दोनच क्षणांचे आहे. मधल्या चौकटी गणिताने भरलेल्या आहेत. शिवाय पहिल्या तपासणीच्या वेळीच हे रुग्ण आजारी होते, त्यामुळे गोष्ट मधूनच सुरू होते. आजाराचा आरंभ कुठे होतो हे हाइको आणि एव्हा ब्राक या दांपत्याने १९९१ साली शवविच्छेदनातून मिळालेल्या मेंदूंवरून दाखवले होते : कानशिलामागच्या खंडाच्या आतल्या, खालच्या बाजूला. नेमकी हीच जागा मेंदू बाहेरून पाहिला तर दिसत नाही. थॉम्पसन गटाने आतल्या बाजूचे नकाशेही दिले आहेत. पण व्याख्यानांतून आमच्या पाहण्यात येते ते बहुधा बाहेरचेच दृश्य. देखणे दिसते ते पुढे जाते, दुसरे काय!

असे असूनही ही चित्रफीत टाकून द्यावी असे आम्ही म्हणणार नाही. घटीचा क्रम तिच्यात फार चांगला दिसतो. आधी स्मृतीशी संबंधित भाग, नंतर कपाळामागचे भाग; स्पर्श आणि हालचाल सांभाळणारे पट्टे मात्र बराच काळ शाबूत. आजोबांना नातवाचे नाव आठवत नाही पण चालता-जेवताना अडत नाही, याचा अर्थ इथे क्षणात उलगडतो. ब्राक दांपत्याने मृत मेंदूंच्या कापांवरून लावलेल्या क्रमाशी जिवंत माणसांवरील हे मोजमाप जुळले, ही मोठीच गोष्ट आहे.

आकडेही बोलके आहेत. करड्या द्रव्याची घट रुग्णांत वर्षाला सरासरी ५.३ टक्के, तर निरोगी वृद्धांत ०.९ टक्के आढळली. पण मूळ लेखात ५.३ च्या पुढे ‘अधिक-उणे २.३’ आणि ०.९ च्या पुढे ‘अधिक-उणे ०.९’ असेही छापले आहे. हे अधिक-उणे चित्रफितीत कुठेच नाही. रंगाला अधिक-उणे दाखवता येत नाही असे नव्हे. अनिश्चित भाग फिका ठेवता आला असता.

हे सारे तपशिलाचे वाद वाटतील. पण शिक्षकांच्या एका शिबिरात ही फीत दाखवून झाल्यावर एका बाईंनी आम्हाला विचारले, “सर, माझ्या सासऱ्यांचा मेंदू आता किती लाल झाला असेल?” बारा जणांच्या सरासरीवरून एका माणसाविषयी असे काही सांगता येत नाही, हे चित्राने त्यांना सांगितलेच नव्हते. अमेरिकेत डेव्हिड स्नोडन यांनी ६७८ जोगिणींचा दीर्घकाळ अभ्यास केला. त्यांतल्या सिस्टर मेरी १०१ व्या वर्षी वारल्या. त्याआधीच्या बौद्धिक चाचण्यांत त्यांचे गुण उत्तम होते. मृत्यूनंतर मात्र त्यांच्या मेंदूत अल्झायमरच्या खुणा भरपूर सापडल्या. मेंदूतील बदल आणि माणसाचे वागणे यांचा संबंध आहे, पण तो रंगपट्टीइतका सरळ नाही.

आणखी एक घोटाळा पाठ्यसामग्रीत वारंवार होतो. पेट तपासणीच्या चित्रात लाल रंग बहुधा ग्लुकोज भरपूर वापरणारा, म्हणजे कार्यरत भाग दाखवतो. तिथे लाल चांगला, इथे लाल वाईट. दोन्ही चित्रे एकाच पानावर रंगपट्टीशिवाय छापली, तर विद्यार्थ्याने काय समजावे? रंगपट्टी कापून टाकलेले चित्र वर्गात लावूच नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

चित्रफीत दाखवण्याआधी एक तास पुढील प्रयोगाला द्यावा. फळ्यावर सहा गुणिले सहा चौकटींचे जाळे काढून त्यांत १ ते १० मधल्या संख्या लिहाव्यात. शेजारच्या संख्यांत फार अंतर नसावे, आणि ४.९ व ५.१ एकमेकांशेजारी जरूर असाव्यात. अर्ध्या वर्गाने पाचखालच्या चौकटी निळ्या व वरच्या लाल रंगवाव्यात. उरलेल्यांनी फक्त पेन्सिल वापरून, संख्या मोठी तितकी गडद छटा द्यावी. मग दोन्ही कागद शेजारी लावून, मूळ संख्या न पाहिलेल्या दुसऱ्या वर्गातील मुलांना विचारावे, की ‘रोग’ कुठे संपतो?