नऊ फूट : लोकगीतातील एका वेधनचाचणीविषयी

पाषाणवेधक यंत्राची सर्वांत अधिक गायिली गेलेली चाचणी बहुधा अमेरिकेतील ‘जॉन हेन्री’ या लोकगीतातील असावी. घण चालविणारा कृष्णवर्णीय मजूर वाफेच्या यंत्राशी स्पर्धा करतो. तो चौदा फूट वेध घेतो, यंत्र नऊ फूट. आणि जिंकूनही तो प्राणास मुकतो. गाय जॉन्सन (१९२९) व लुई चॅपेल (१९३३) यांनी या घटनेचा शोध वेस्ट व्हर्जिनियातील बिग बेंड बोगद्याशी (१८७०–७२) जोडला. स्कॉट नेल्सन (२००६) यांनी ती शेजारच्या व्हर्जिनियातील लुईस बोगद्याकडे नेली. कैदी मजूर व वाफेची यंत्रे तेथे एकत्र राबत होती, हा त्यांचा आधार.

स्थळाचा वाद इतिहासकारांनी सोडवावा. आमचा आक्षेप आकड्यांविषयी आहे. अनेक पाठांत यंत्राचे ‘नऊ’ स्थिर राहते, मजुराचे ‘चौदा’ मात्र कोठे ‘पंधरा’ होते. या स्थैर्यावरून प्रत्यक्ष मोजमापाचे अनुमान करण्याचा मोह होतो, तो टाळावा. इंग्रजीत ‘नाइन’ हा शब्द चरणान्ती येऊन ‘फाइन’शी यमक साधतो, म्हणून तो हलत नाही. ‘फोर्टीन’ चरणाच्या मध्यभागी आहे. तेथे ‘फिफ्टीन’ घातल्याने छंदास बाध येत नाही. स्मरणास धरून ठेवले ते यमकाने, मोजपट्टीने नव्हे. (आपल्या पोवाड्यांतील सैन्यसंख्या वाचतानाही ही दक्षता हवी.)

शिवाय वेधाचा व्यास, खडकाची जात, लागलेला वेळ आणि बोथट पहारी बदलण्यात गेलेला वेळ, यांवाचून फुटांचा आकडा चाचणी ठरत नाही. बिग बेंडचा तांबडा शेल खोदताना कठीण, पण हवा लागताच ढासळणारा. यंत्र बोगद्याच्या तोंडाशी होते की आत, हेही महत्त्वाचे : लांब नळांत वाफ थंडावते आणि बाहेर पडणारी वाफ आत कोंडते. आल्प्समधील फ्रेज्यूस बोगद्यात १८६१ पासून यंत्रे दाबलेल्या हवेवर चालविली, त्यामुळे मजुरांस वाराही मिळाला.

एका बाबतीत मात्र हे गीत कोरड्या अहवालाहून नेमके आहे. दर घावानंतर पहार फिरविणारा ‘शेकर’ त्यात नायकाच्या बोलण्यात येतो. म्हणजे चौदा फूट एका माणसाचे नव्हेत, दोघांचे. यंत्र चालविणाऱ्यांचा उल्लेख मात्र फारसा आढळत नाही.