छडी गेली, खराटा राहिला

ओमप्रकाश वाल्मीकींचं 'जूठन' (१९९७) आपली पोरं रडत वाचतात. परीक्षणवाले त्यातल्या हेडमास्तरला 'क्रूर' म्हणून मोकळे होतात. मला हे पटत नाही. क्रूर म्हटलं की सगळं एका माणसाच्या स्वभावावर ढकलून मिटतं.

तो प्रसंग नीट वाचा, दोस्तांनो. पोराला फांद्या तोडून खराटा करायला लावलाय, अख्खी शाळा, मैदान झाडून घेतलंय. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी पोरगं गुपचूप वर्गात बसलं, तर मानगूट धरून बाहेर. आणि वर्गात? बाकीची पोरं शिकतायत. म्हणजे शिस्त आहेच की! बाबासाहेब शाळेत कोपऱ्यात गोणपाटावर बसायचे, ते रोज घरी न्यायचे. तिथंही शिस्तच होती.

सगळे बापाचं कौतुक करतात, त्यानं खराटा हिसकून फेकला म्हणून. खरंच आहे. पण बाप तिथून चालला होता म्हणून त्याला दिसलं. नसता गेला तर?

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानं, कलम १७ नं, मारणं आणि मानसिक छळ दोन्ही बंद केलं. छडी कपाटामागं गेली. मीही मास्तर, चौथीला शिकवतो, आपल्यातलाच. पुस्तक मिटलं आणि माझीच कामवाटपाची वही काढली. हजेरी ऑफिसात न्यायला रोज नवं पोर. व्हरांडा झाडायला सलग आठ दिवस एकच नाव, आपल्याच वस्तीतलं. "दंगा करतो, कामाला लावला की गप बसतो," असं शेजारच्या बाईंना मीच सांगितलं होतं.