नाव आणि कार्य : ‘अवसादरोधक’ या संज्ञेविषयी

रजोनिवृत्तीच्या काळात स्त्रियांना येणाऱ्या गरम झळांवर काही ‘अवसादरोधक’ औषधे उपयोगी ठरली आहेत. ही माहिती ज्या संज्ञेच्या द्वारा मराठी वाचक स्त्रीपर्यंत पोहोचते, ती संज्ञाच तिला औषधापासून दूर नेण्याचा संभव आहे. प्रस्तुत टिपणात तिचा भाषिक अंगाने विचार करावयाचा आहे.

आपल्या शास्त्रपरंपरेने शब्दांचे यौगिक, रूढ व योगरूढ असे भेद मानले आहेत. ‘पंकज’ म्हणजे चिखलात जन्मलेले सर्व काही नव्हे, केवळ कमळ होय. तेथे रूढीने अवयवार्थाला मर्यादा घातली आहे. औषधवर्गांच्या नावांची गती उलट असते. प्रथम प्रस्थापित झालेल्या उपयोगावरून नाव पडते. पुढे उपयोग विस्तारतो, नाव मात्र तेच राहते. इंग्रजी संज्ञा मराठी वाचकाला पुष्कळदा केवळ खूण म्हणून चालते. संस्कृत घटकांचा शब्द मात्र उलगडून वाचला जातो, आणि ‘डॉक्टरांच्या मते मला अवसाद झाला आहे’ असे अनुमान निघते. स्त्रीची शारीरिक तक्रार ‘मनाचे खेळ’ म्हणून सहज बाजूला सारली जाते, तेथे हे अनुमान निरुपद्रवी नव्हे.

वस्तुस्थिती निराळी आहे. २००० साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत व्हेन्लाफॅक्सिनच्या रोज ७५ मिलिग्रॅम मात्रेने झळांचा त्रास ६१ टक्क्यांनी घटला, औषधविरहित गोळीने २७ टक्क्यांनी. २०१३ साली अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने झळांसाठी पॅरॉक्सेटिनची ७.५ मिलिग्रॅम मात्रा मान्य केली. अवसादासाठी ती सामान्यतः २० मिलिग्रॅम असते. अवसाद नसलेल्या स्त्रियांनाही गुण येतो. इस्ट्रोजेन अधिक परिणामकारक खरे. परंतु स्तनकर्करोग झालेल्या स्त्रियांना ते सहसा देत नाहीत, आणि अशा वेळी या औषधांचे महत्त्व वाढते.

नाव व कार्य यांची फारकत आपल्याकडे अपरिचित नाही. महाड-पोलादपूर भागात लाल विंचवाच्या दंशाने हृदयावर घातक परिणाम होत. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी त्यावर प्राझोसिन हे रक्तदाबावरील औषध वापरले आणि १९८६ साली ‘लॅन्सेट’मध्येच त्याविषयी लिहिले. त्या औषधाने आपल्याला रक्तदाबाचा रोगी ठरविले, असे दंश झालेल्या माणसाला वाटण्याचे कारण नाही; कारण दंश उघड असतो. झळ इतरांस दिसत नाही. म्हणूनच तेथे नावाची साक्ष अधिक भारी पडते.

येथे एक शंका संभवते : मग वर्गनाम गाळावे काय? तसे करणे योग्य होणार नाही. औषध एकाएकी बंद केल्यास होणारा त्रास, किंवा टॅमॉक्सिफेनच्या कार्यात पॅरॉक्सेटिनने येणारा अडथळा, यांसारख्या सूचना कळण्यासाठी औषधाची खरी ओळख आवश्यक आहे. आणि लपविलेले नाव वेष्टनावर वाचल्यास विश्वास उडेल तो निराळाच.

दोष शब्दाचा नसून त्याच्या स्थानाचा आहे. ‘गरम झळांवरील औषध, हेच अधिक मात्रेत अवसादावरही देतात’ अशी रचना केल्यास कार्य आधी येते व वर्ग मागाहून. पॅरॉक्सेटिनपुरती ही रचना अक्षरशः खरी आहे. इतर औषधांच्या बाबतीत मात्रेचा उल्लेख तपासून करावा लागेल. मराठी आरोग्यलेखनाने परिभाषा घडविताना प्रतिशब्दाच्या शुद्धतेइतकीच त्याच्या वाक्यातील स्थानाचीही चिकित्सा करणे इष्ट होय.