न उघडता येणारे पुस्तक : संग्राह्य कॉमिक्सचा ऑनलाइन व्यापार आणि प्रतीचे मूल्यमापन

ऑगस्ट २०१४ मध्ये ईबे या संकेतस्थळावर 'अ‍ॅक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकाची एक प्रत ३२ लाख डॉलरहून अधिक किमतीला विकली गेली. सुपरमॅन हे पात्र ज्या अंकातून प्रथम वाचकांसमोर आले तो हा १९३८चा अंक त्या काळी अमेरिकेत दहा सेंटना मिळत असे. विकली गेलेली प्रत कठीण, पारदर्शक प्लास्टिकच्या पेटीत सीलबंद होती आणि पेटीच्या माथ्यावर तिचा दर्जा दहापैकी ९.० असल्याचे छापलेले होते. पेटी फोडली की तो दर्जा रद्द होतो. म्हणजे एवढी किंमत मोजणाऱ्या ग्राहकाने जी वस्तू घेतली ती उघडून वाचण्याची सोय त्या व्यवहारात ठेवलेलीच नव्हती.

कॉमिक ही मुळात वाचून टाकून देण्याची वस्तू. तिच्या खरेदी-विक्रीची जी भाषा गेल्या पंचवीस वर्षांत महाजालावर रूढ झाली, तिचा समीक्षेच्या अंगाने विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. ही भाषा केवळ व्यापाराची आहे असे समजून साहित्याच्या अभ्यासकांनी तिच्याकडे दुर्लक्ष केले आहे. परंतु कोणता अंक महत्त्वाचा, कोणते पान मोलाचे, कोणती प्रत 'चांगली' याचे निर्णय ती रोज देते. निर्णय देणे हे समीक्षेचेच काम होय. तेव्हा या समीक्षेचे निकष तपासणे अगत्याचे ठरते.

प्रतीच्या दुर्मिळतेची कारणे सर्वपरिचित आहेत. हलका कागद, मुलांचे हात, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत झालेली रद्दी गोळा करण्याची मोहीम यांमुळे १९३८ ते १९४५ या काळातील अंक फार थोडे उरले. १९७० साली ओव्हरस्ट्रीट यांची किंमतदर्शिका प्रथम प्रसिद्ध झाली आणि जुन्या अंकांना छापील भाव मिळू लागला. तरीही व्यवहार समोरासमोर होत असे. ग्राहक अंक हातात घेई, पाने उलटून पाही, मधले पान सुटले आहे काय याची खात्री करी. १९९५ मध्ये ईबे सुरू झाल्यानंतर ही पाहणी संपली. विक्रेता एका टोकाला, ग्राहक दुसऱ्या टोकाला, आणि मध्ये दोन-चार छायाचित्रे.

या परिस्थितीचे सैद्धांतिक वर्णन जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० मध्येच जुन्या मोटारींच्या उदाहरणाने करून ठेवले होते. विक्रेत्याला मालाचे दोष ठाऊक असतात, ग्राहकाला नसतात. ग्राहक संशयाने कमी भाव देतो. चांगला माल असणारा त्या भावाला विकायला तयार होत नाही. आणि बाजारात वाईट मालच उरतो. कॉमिक्सच्या ऑनलाइन बाजाराला याच संकटाने ग्रासले होते. रंग भरून झाकलेला कणा, छाटून सरळ केलेली कड, दुसऱ्या प्रतीतून घेऊन बसवलेले पान हे छायाचित्रात दिसत नाही. २००० साली सीजीसी ही प्रमाणन संस्था सुरू झाली ती या पोकळीत. तिसऱ्या पक्षाने प्रत तपासायची, दहाच्या मापावर गुण द्यायचे, सीलबंद करायची. निर्दोष मूळ प्रतीला निळी चिठ्ठी, दुरुस्ती केलेल्या प्रतीला जांभळी, एखादा विशिष्ट दोष वगळून गुण दिलेल्या प्रतीला हिरवी. या व्यवस्थेविना दूरदेशीच्या अनोळखी माणसाकडून लाखोंचा अंक घेणे कोणाही शहाण्या माणसाला शक्य झाले नसते, हे आधीच मान्य केले पाहिजे. या लेखातील आक्षेप प्रमाणनाच्या गरजेवर नाही. प्रमाणन कशाला दोष म्हणते, यावर आहे.

यासाठी एकच उदाहरण तपशिलाने पाहणे उपयुक्त ठरेल. 'द इनक्रेडिबल हल्क' या मालिकेचा १८१वा अंक नोव्हेंबर १९७४चा. लेखक लेन वीन, चित्रकार हर्ब ट्रिम्प. वुल्व्हरिन हे पुढे अफाट लोकप्रिय झालेले पात्र या अंकात प्रथमच पूर्णपणे अवतरते. त्याचे पहिले ओझरते दर्शन १८०व्या अंकाच्या शेवटच्या पानावर घडले होते. पण बाजाराने ते दर्शन 'पूर्ण' मानले नाही आणि १८१ला कितीतरी अधिक भाव दिला. या दोन अंकांमधील कथा एकाच सूत्राने जोडलेली आहे. तरीही विक्रीच्या वर्णनात कथेचा उल्लेख क्वचितच येतो; 'प्रथम पूर्ण दर्शन' एवढे तीन शब्द येतात. पात्राच्या जन्मतारखेपुरते साहित्य उरते. ट्रिम्प यांची भरीव, बोजड देहांची रेखाटनशैली चांगली की वाईट, वीन यांच्या कथनात वुल्व्हरिन किती जिवंत आहे, याविषयी ही समीक्षा एक अक्षर उच्चारत नाही.

याच अंकाच्या आत एक छोटे कूपन छापलेले होते. १९७४ च्या सुमारास मार्व्हल प्रकाशनाने आपल्या अंकांतून अशी चित्रमुद्रा देण्यास आरंभ केला होता आणि वाचकांनी ती कापून एका वहीत चिकटवावी असे प्रोत्साहन दिले होते. पुष्कळ मुलांनी ते इमानाने केले. आज १८१व्या अंकाची जाहिरात वाचणारा ग्राहक सर्वप्रथम विचारतो तो 'मुद्रा शाबूत आहे काय' हा प्रश्न. कापलेल्या प्रतीचा भाव कोसळतो. प्रकाशकाचा सांगावा ज्याने मानला, ज्याने अंकाशी खेळ केला, त्याची प्रत सदोष. आणि ज्याने अंक उघडलाच नाही किंवा उघडून तसाच मिटला, त्याची प्रत उत्तम. वाचनाच्या इतिहासाचा अभ्यासक नेमका उलटा निवाडा देईल. कात्रीची ती चौकोनी खिडकी म्हणजे वाचकाच्या उपस्थितीचा पुरावा आहे. कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिलेले नाव, शब्दकोड्याची भरलेली उत्तरे, फाटलेले पान जोडणारी चिकटपट्टी ही सर्व गुणपत्रिकेत वजाबाकीच्या रकान्यात जातात.

व्यापाराला हा भेद कळत नाही असे मात्र नाही. १९७७ मध्ये कोलोरॅडोत एडगर चर्च या चित्रकाराच्या घरातून हजारो अंकांचा संग्रह चक रोझान्स्की या विक्रेत्याने मिळवला. 'माइल हाय' या नावाने तो प्रसिद्ध आहे. त्यातील मुखपृष्ठांवर पेन्सिलीच्या खुणा आहेत. अन्यत्र दोष ठरणाऱ्या या खुणा येथे वंशावळीचा दाखला बनतात आणि भाव वाढवतात. म्हणजे पूर्वीच्या मालकाचे नाव बाजाराला ठाऊक झाले की त्याच्या हाताची खूण पवित्र होते. नाव ठाऊक नसलेल्या मुलाची खूण मळ ठरते. ही निवड सौंदर्याची नाही, प्रतिष्ठेची आहे. इगोर कोपिटॉफ यांनी १९८६ मध्ये वस्तूंच्या 'सांस्कृतिक चरित्रा'ची कल्पना मांडली. ती येथे लावून पाहिली तर सीलबंद पेटी हे त्या चरित्राचे शेवटचे प्रकरण आहे असे दिसते. यापुढे वस्तूला मालक मिळतील, अनुभव मिळणार नाहीत. वॉल्टर बेंजामिन यांनी यांत्रिक पुनरुत्पादनामुळे कलाकृतीचे तेजोवलय नष्ट होते असे प्रतिपादन केले होते. कॉमिक्सच्या बाबतीत यंत्रानेच लक्षावधींच्या संख्येने काढलेल्या वस्तूभोवती प्लास्टिकच्या साह्याने नवे वलय उभे केले गेले, हा त्या सिद्धांताचा एक विनोदी उत्तरार्धच म्हणावा लागेल.

हे वलय कृत्रिमरीत्या निर्माण करण्याचा प्रयत्न प्रकाशकांनीही केला. १९९१च्या 'एक्स-मेन' क्रमांक एकच्या, निरनिराळ्या मुखपृष्ठांसह, ८० लाखांहून अधिक प्रती निघाल्या. १९९२ मध्ये सुपरमॅनच्या मृत्यूचा अंक काळ्या पिशवीत बंद करून विकला गेला आणि अनेकांनी ती पिशवी न फोडता तशीच जपली. सर्वांनीच जपल्यामुळे तो दुर्मिळ झाला नाही. डिसेंबर १९९६ मध्ये मार्व्हलने दिवाळखोरीसाठी अर्ज केला. त्यामागे इतर कारणेही होती. तरी न वाचता साठवण्यासाठी घेतलेल्या अंकांवर उद्योग उभा राहत नाही, हे त्या दशकात दिसून आले. प्रमाणनावरील श्रद्धेलाही तडा गेलाच: २०२३-२४ मध्ये सीलबंद पेट्या उघडून आतील प्रती बदलल्याचे प्रकार उघडकीस आले. ज्या पेटीमुळे पाहण्याची गरज उरली नव्हती, तिच्याकडेच निरखून पाहण्याची वेळ ग्राहकांवर आली.

या सर्व उलाढालीत निर्मात्यांचे स्थान कोठे, हा प्रश्न उरतोच. जेरी सीगल आणि जो शुस्टर यांनी १९३८ मध्ये सुपरमॅनचे हक्क १३० डॉलरना दिले. ती रक्कम ज्या ४१२ डॉलरच्या धनादेशात समाविष्ट होती, तो धनादेश २०१२ मध्ये ऑनलाइन लिलावात १,६०,००० डॉलरला गेला. निर्मात्यांच्या शोषणाचा कागदही संग्राह्य ठरला! दोघांना १९७५ मध्ये वार्षिक मानधन व नामनिर्देश मिळाला तो जनमताच्या दडपणामुळे. जुन्या प्रतींच्या पुनर्विक्रीशी त्याचा संबंध नव्हता. भारतीय प्रताधिकार कायद्यातील कलम ५३-अ मूळ चित्र वा हस्तलिखिताच्या पुनर्विक्रीत निर्मात्याला वाटा देते. छापील प्रतीला ते लागू होत नाही. एप्रिल २०२४ मध्ये 'अ‍ॅक्शन कॉमिक्स'चीच ८.५ दर्जाची प्रत ६० लाख डॉलरला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये आईच्या घराच्या माळ्यावर सापडलेली 'सुपरमॅन' क्रमांक एकची प्रत ९० लाखांहून अधिक डॉलरला गेली. या रकमा प्रत जपणाऱ्याच्या, बहुधा विसरून गेलेल्याच्या, पदरात पडतात.

मराठी वाचकांशी या विषयाचा संबंध येतो तो इंद्रजाल कॉमिक्समुळे. बेनेट कोलमन प्रकाशनाने मार्च १९६४ मध्ये सुरू केलेली आणि १९९० मध्ये बंद पडलेली ही मालिका मराठीतही निघत असे. ली फॉकचा 'फँटम' येथे 'वेताळ' झाला; १९७६ पासून आबिद सुरती यांचा 'बहादूर' आला. आज या अंकांची विक्री महाजालावर होते आणि अमेरिकी बाजाराचेच शब्द, 'मिंट', 'रेअर', 'फर्स्ट इश्यू', येथे जसेच्या तसे वापरले जातात. वास्तविक या अंकांचे मोल वेगळ्या ठिकाणी आहे. मूळ चित्रपट्टी मासिकाच्या आकारात बसवताना चौकटी कापल्या, जुळवल्या गेल्या. मूळ कथेतील 'बंगाला' प्रदेश भारतीय वाचकाला बंगालची आठवण देईल म्हणून 'डेंकाली' करण्यात आला. 'सिंग' चाचे 'सिंगा' झाले. म्हणजे प्रत्येक अंक ही भाषांतराची, संपादनाची आणि सावध आत्मनियंत्रणाची एक स्वतंत्र संहिता आहे. मराठी अंकाची इंग्रजी अंकाशी पानोपान तुलना केल्याखेरीज ती संहिता वाचता येत नाही, आणि तुलनेसाठी पाने उलटावी लागतात.

असे अंक उरले कोठे? शाळा-महाविद्यालयांच्या ग्रंथालयांनी कॉमिकला बहुधा दाराबाहेरच ठेवले. ती 'खरी' पुस्तके नव्हती, असा समज प्राध्यापकवर्गातही होता, आणि त्याची किंमत आता संशोधक मोजत आहेत. अंक टिकले ते रद्दीच्या दुकानांत, मुंबईत फ्लोरा फाउंटनच्या पदपथावर, माटुंग्याच्या किंग्ज सर्कलजवळील जुन्या पुस्तकांच्या ढिगांत, आणि दिवसाच्या भाड्याने कॉमिक देणाऱ्या गल्लीतील वाचनालयांत. या वाचनालयांनी अंकांना खाकी पुठ्ठे चढवले, दाभणाने शिवले, आतल्या पानावर गोल शिक्का मारला. दहाच्या मापावर अशी प्रत दोन-तीनच्या वर जाणार नाही. परंतु मराठी शहरांत कॉमिक कोणत्या पेठेत, कोणत्या गल्लीत वाचले जाई याचा जो थोडा लेखी पुरावा आहे, तो याच शिक्क्यांत आहे. विक्रेता जेव्हा अधिक भाव मिळावा म्हणून पुठ्ठा काढतो, शिवण उसवतो, शिक्क्याचे पान खरवडतो, तेव्हा तो आपल्या परीने प्रत सुधारत असतो.

ऑनलाइन व्यापाराने या अभ्यासाचे नुकसानच केले असे म्हणणे अन्यायाचे होईल. मराठी इंद्रजालचे मुखपृष्ठ, क्रमांक, किंमत, मलपृष्ठावरील जाहिरात यांची छायाचित्रे जेवढी विक्रीच्या जाहिरातींत पाहायला मिळतात, तेवढी ग्रंथालयांच्या सूचींत मिळत नाहीत. सावध ग्राहकाच्या प्रश्नांमुळे विक्रेता मधल्या पानाचे, पिनांच्या गंजाचे, मालकाच्या सहीचेही छायाचित्र देतो. दोष म्हणून नोंदवलेली ही माहिती अभ्यासकाला वर्णनात्मक सूचीसारखी वापरता येते. अडचण एवढीच की व्यवहार पूर्ण झाल्यावर काही काळाने जाहिरात महाजालावरून नाहीशी होते, आणि शिक्क्याचे ते छायाचित्रही तिच्याबरोबर जाते.