खिशातले हात

रॅडक्लिफ हॉलच्या ‘मिस ओगिल्व्ही फाइंड्स हरसेल्फ’ या कथेच्या शेवटी एक प्रौढ बाई गुहेच्या तोंडाशी बसल्या जागी मेलेली सापडते. तिचे दोन्ही हात खिशात खोल खुपसलेले असतात. माझ्या लक्षात मरणापेक्षा ते हातच राहिले. बायकांनी असं बसायचं नसतं, हे तिला आयुष्यभर सांगितलं गेलं असणार.

हॉलने ही कथा 1926 साली लिहिली आणि 1934 साली ती संग्रहात आली. मधल्या काळात, 1928मध्ये, तिच्या ‘द वेल ऑफ लोनलीनेस’ या कादंबरीवर लंडनमध्ये अश्लीलतेचा खटला होऊन प्रती नष्ट करण्याचा हुकूम निघाला. हॉल स्वतः आखूड केस ठेवायची, पुरुषी बेताचे कोट घालायची, जवळच्या माणसांत ‘जॉन’ म्हणून ओळखली जायची. ‘बुच’ हा शब्द तिच्या हाताशी नव्हता. तो पुढे अमेरिकेतल्या कामगारवर्गीय बारमध्ये, चाळीस-पन्नासच्या दशकांत रुळला. पण मिस ओगिल्व्हीला ओळखायला त्या शब्दाची गरज पडत नाही. लहानपणी ती बाहुल्या टाकून तबेल्यातल्या पोराबरोबर खेळते आणि आपलं खरं नाव विल्हेल्मिना नसून विल्यम आहे असं हट्टाने सांगते. पहिलं महायुद्ध सुरू झाल्यावर केस कापून ती फ्रान्समध्ये रुग्णवाहिकांच्या पथकाची प्रमुख होते. जे घरात विचित्र ठरलं होतं, ते आघाडीवर उपयोगी ठरतं. मग युद्ध संपतं, पथक मोडतं, आणि बहिणींच्या घरात ती पुन्हा नकोशी होते.

इथपर्यंत कथा अचूक आहे. समाजाला अशा बाईचे गुण संकटापुरते चालतात, हे हॉल भाषण न देता दाखवते. त्यानंतर मात्र कथा वळण घेते. ओगिल्व्ही डेव्हनच्या किनाऱ्याजवळच्या छोट्या बेटावर जाते, तिथे एका प्राचीन माणसाची हाडं बघून हादरते आणि रात्री स्वतःच तो आदिम पुरुष होते. त्याच्या शेजारी त्याची स्त्री असते. इंग्रजी मजकुरातलं ‘शी’ जाऊन ‘ही’ येतं. सकाळी प्रेत.

ही सुटका मला खटकते. ‘आदिम’ माणसाचं ते रोमँटिक चित्र आज भाबडं वाटतं, हे एक कारण. दुसरं जास्त गंभीर आहे. ओगिल्व्हीला स्त्रीवर प्रेम करता यावं म्हणून लेखिकेला आधी तिला पुरुष करावं लागतं आणि मग मारावं लागतं. ही कथा लिंगांतराची आहे असं कुणी म्हणेल, आणि ‘विल्यम’ आठवला तर ते वाचन खोटं नाही. ट्रान्स पुरुष आणि बुच बाई यांच्यातली सीमा किती वादाची आहे, याची चर्चा जॅक हॅल्बरस्टॅमच्या ‘फीमेल मॅस्क्युलिनिटी’ (1998) या पुस्तकात आहे. पण कोणतंही वाचन धरलं, तरी जिवंतपणी तिला जागा नाहीच.

याच्या शेजारी विजयदान देथांची ‘दोहरी जून’ ठेवून बघा. दोन सेठ मुलं जन्मण्याआधीच सोयरीक ठरवतात. दोघांनाही मुली होतात, पण एकाचा बाप लोभापायी बीजाला मुलगा म्हणून वाढवतो आणि तिचं तीजाशी लग्न लावून देतो. फसवणूक उघडी पडते, पण दोघींना एकमेकींचा सहवास आवडतो. गाव त्यांना सुखाने राहू देत नाही, भुतांचा सरदार देतो. पुढे वरदानाने बीजा खरोखर पुरुष होते, आणि त्या देहाबरोबर मालकी आणि हुकूमही येतात. शेवटी ती पुन्हा बाई होते.

देथा इथे हॉलच्या पुढे आहेत. त्यांच्या बायका जगतात, एकत्र जगतात. मात्र बीजाचं पुरुषी वळण तिचं स्वतःचं नाही. आधी ते बापाचा लोभ असतं, नंतर ते सत्तेचं विष होतं. पुरुषीपणा म्हणजे सोंग किंवा जुलूम, तिसरं काही नाही. थोडक्यात, हॉल बाईला तिचा पुरुषीपणा देते पण आयुष्य देत नाही, आणि देथा आयुष्य देतात पण पुरुषीपणा काढून घेतात. या दोन कथांच्या मधल्या जागेत खरी बुच बाई उभी आहे. तिला पुरुष व्हायचं नाही, आणि ‘बाईसारखं’ही व्हायचं नाही.

मराठीत हा प्रश्न क्रियापदापासूनच सुरू होतो. इंग्रजी ‘आय’ला लिंग लपवता येतं. आपल्याला ‘मी निघतो’ की ‘मी निघते’ हे पहिल्याच वाक्यात ठरवावं लागतं. तेंडुलकरांच्या ‘मित्राची गोष्ट’ (1981) या नाटकाच्या नावात भाषेने एक मोकळीक घेतली आहे. षष्ठीत ‘मित्र’ आणि ‘मित्रा’ एकच होतात. पण सुमित्राची गोष्ट सांगतो तो बापू, आणि तीही शेवटी मरते. तिची वाक्यं तिच्याच क्रियापदांत ऐकत तिच्याबरोबर पुढे जगायचं राहून जातं.

खरं तर आपल्या बोलीत जागा आहे. कोल्हापूरकडच्या बायका सहज ‘मी येतो’ म्हणतात, आणि त्यात कुणाला बंड दिसत नाही. मला वाचायची आहे ती कथा त्या सहजपणातून निघेल. तिच्यात भूत नसेल, वरदान नसेल, स्वप्नातला आदिमानव नसेल. मिस ओगिल्व्ही सकाळी गुहेतून उठेल, खिशातून हात बाहेर काढेल, हॉटेलचं बिल चुकतं करेल आणि ‘येतो’ म्हणून निघेल. पुढे तिचं काय होतं, हे लिहिणं अवघड आहे. म्हणूनच ते कुणीतरी लिहायला हवं.