सिंहाचे दुसरे नाव
(मुलांना लिहिलेल्या काही पत्रांविषयी)

आम्ही सहावीत असताना पंधरा पैशांच्या पोस्टकार्डावर एका बालकथालेखकाला पत्र लिहिले होते. त्यांच्या कथेतला राक्षस शेवटी कोठे गेला, एवढेच आम्हांला विचारायचे होते. रत्नागिरीच्या टपालपेटीत ते कार्ड टाकल्यावर कितीतरी दिवस आम्ही पोस्टमनच्या सायकलची घंटा ऐकत ओटीवर बसलो. उत्तर आले नाही. त्याचा रोष आता मनात नाही. लेखकालाही घरदार असते, आजारपण असते, पत्रांचा ढीगही असतो. परंतु सी. एस. लुईस यांनी मुलांना लिहिलेल्या पत्रांचा संग्रह प्रथम हाती आला, तेव्हा ते न आलेले उत्तर आठवले आणि हे पुस्तक आम्ही थोड्या मत्सरानेच वाचले.

'लेटर्स टू चिल्ड्रन' हा छोटेखानी संग्रह १९८५ साली लाइल डॉर्सेट आणि मार्जरी लॅम्प मीड यांनी संपादित करून प्रसिद्ध केला. लुईस (१८९८–१९६३) हे बेलफास्टमध्ये जन्मलेले, प्रथम ऑक्सफर्ड व नंतर केंब्रिज विद्यापीठात इंग्रजी साहित्याचे अध्यापन केलेले विद्वान. तरुणपणी ते नास्तिक होते. पुढे ते श्रद्धेकडे वळले, त्यात जे. आर. आर. टॉल्किन या त्यांच्या कॅथोलिक मित्राचा मोठा वाटा होता. लुईस स्वतः मात्र अँग्लिकन राहिले. आपल्या ख्रिस्तसभेशी त्यांचे नाते कसे होते, याची एक सुंदर खूण म्हणजे व्हेरोनाचे धर्मगुरू जोव्हान्नी कालाब्रिया यांच्याशी १९४७ पासून चाललेला त्यांचा पत्रव्यवहार. एकाला इंग्रजी येत नव्हते, दुसऱ्याला इटालियनमध्ये लिहिणे जमणारे नव्हते. म्हणून दोघांनी लॅटिनचा आश्रय घेतला. फादर कालाब्रियांना १९९९ साली संतपद देण्यात आले.

१९५० ते १९५६ या काळात लुईस यांच्या नार्निया देशाच्या सात कथा प्रसिद्ध झाल्या. कपड्यांच्या कपाटातून चार भावंडे एका बर्फाळ देशात जातात, तेथे पशू बोलतात आणि त्या देशाचा खरा स्वामी अस्लान नावाचा सिंह असतो, येथून या कथांचा आरंभ होतो. पुस्तके निघू लागताच मुलांची पत्रे येऊ लागली. इंग्लंडमधून आली, अमेरिकेतून तर फारच आली. लुईस यांचा दिवसाचा बराच वेळ पत्रोत्तरांत जाई. वडीलबंधू वॉरन टंकलेखन करून मदत करीत, तरी हे काम ओझ्याचेच होते. हाताला संधिवाताचा त्रास होता. तरीही उत्तरे जात राहिली. लेखकाच्या सौजन्याचा पुरावा म्हणून एवढे सांगून थांबता आले असते. पण या पत्रांना वाङ्मयीन मोल आहे, असे आमचे म्हणणे आहे, आणि ते कोठे आहे व कोठे नाही, हे पाहण्यासाठीच हा लेख.

पहिला विशेष असा, की लुईस मुलाच्या प्रश्नाचे उत्तर त्याच्या हातून हिरावून घेत नाहीत. १९५३ साली एका मुलीने विचारले, की अस्लानला आपल्या जगात दुसरे नाव आहे असे कथेत म्हटले आहे, ते कोणते? कथेचा सारा धार्मिक आशय या एका प्रश्नात आहे. आपण असतो तर एका वाक्यात नाव सांगून मोकळे झालो असतो आणि वर दोन परिच्छेद उपदेशही केला असता. लुईस यांनी तिलाच काही खुणा दिल्या. नाताळबाबा येतो त्या सुमारास जो जगात आला, जो महान सम्राटाचा पुत्र असल्याचे म्हणाला, जो दुसऱ्याच्या अपराधासाठी दुष्टांच्या हाती गेला, उपहास सोसून मारला गेला आणि पुन्हा जिवंत झाला, ज्याला कधीकधी कोकरू म्हणतात, असा कोणी या जगात झाला आहे का? विचार कर आणि मला कळव, एवढे सांगून ते थांबतात. ती मुलगी ते नाव आधीपासून जाणत असणारच. पण जाणलेले आणि स्वतः शोधलेले यांत अंतर असते. धर्मशिक्षणाच्या रविवारच्या वर्गात पाठ केलेली उत्तरे मुले का विसरतात, याचे कारण कदाचित या एका पत्रात सापडेल.

दुसरे पत्र १९५५ सालचे, आणि आमच्या मते ते या सर्वांचा कळस आहे. अमेरिकेतील नऊ वर्षांच्या एका मुलाच्या मनाने घेतले, की आपण येशूपेक्षा अस्लानवर अधिक प्रेम करतो आणि हे मूर्तिपूजेचे पाप आहे. मुलगा घाबरला. त्याच्या आईने लेखकाला लिहिले. लुईस यांनी आईला उत्तर पाठवले, त्याचा आशय असा: अस्लानच्या ज्या कृतींमुळे आणि शब्दांमुळे तो मुलाला आवडतो, त्या सर्व येशूच्याच आहेत, म्हणून मुलाला वाटते की आपले प्रेम सिंहावर आहे, पण खरे तर ते येशूवरच आहे. उरला सिंहाच्या देहाचा प्रश्न. लहान मुलाची कल्पनाशक्ती कशी चालते हे देवाला ठाऊक आहे, कारण ती त्यानेच घडवली. बोलणारा, प्रेमळ प्राणी एका वयात मोह घालणारच आणि वय वाढले की ती ओढ आपोआप ओसरेल.

एवढ्यावर पत्र संपले असते तरी ते उत्तम ठरले असते. पण लुईस पुढे मुलासाठी एक छोटी प्रार्थना सुचवतात. त्याने देवाला सांगावे, की माझ्या मनात या पुस्तकांविषयी जे येते ते तुला आवडत नसेल तर ते काढून घे, आणि त्यात वाईट काही नसेल तर माझी काळजी थांबव. शेवटी त्याने लेखकासाठीही प्रार्थना करावी: या लेखकाच्या पुस्तकांनी आणखी कोणा मुलाला काळजीत टाकले असेल किंवा अपाय केला असेल, तर त्याला क्षमा कर आणि पुन्हा तसे होऊ देऊ नकोस. येथे एक प्रौढ, कीर्तिमान विद्वान नऊ वर्षांच्या मुलापुढे हात जोडून उभा राहतो. लुईस यांची स्वतःची आई ते नऊ वर्षांचे असतानाच वारली होती. ती बरी व्हावी म्हणून त्यांनी प्रार्थना केल्या होत्या. त्या वयातली धार्मिक भीती किती खरी असते, हे त्यांना कोणी सांगावे लागले नसावे.

येथे एका वाङ्मयीन मुद्द्याकडे वळले पाहिजे. मराठी ख्रिस्ती वाचकाला रूपककथेची सवय फार जुनी. हरि केशवजी यांनी बन्यनच्या ग्रंथाचे केलेले 'यात्रिकक्रमण' हे भाषांतर १८४१ सालचे. रूपककथेत प्रत्येक पात्र कशाच्या तरी नावाने उभे असते. अर्थ कळला की गोष्टीचे काम संपते. अमेरिकेतील मेरीलँडच्या एका वर्गाला १९५४ साली लिहिताना लुईस यांनी आपली कथा या जातीची नाही, हे समजावले आहे. अस्लान हे येशूचे चिन्ह नव्हे. नार्नियासारखा देश खरोखर असता, आणि देवाचा पुत्र जसा आपल्या जगात मनुष्य झाला तसा तेथे सिंह झाला असता, तर काय घडले असते, अशी ती कल्पना आहे. हा भेद त्यांनी समीक्षकांना नव्हे, पाचवीतल्या मुलांना सांगितला, आणि त्यांना समजेल अशा भाषेत सांगितला. आजही नार्नियाला सरसकट 'रूपककथा' म्हणणाऱ्या प्रौढांनी ते पत्र वाचावे.

भाषेविषयीचे त्यांचे सल्लेही असेच रोखठोक आहेत. १९५६ साली एका मुलीला ते लिहितात, की वाक्याचा दुसरा अर्थ निघणार नाही असे लिही. साधा शब्द मिळत असेल तर लांबलचक शब्द टाळ. भाववाचक नामाऐवजी प्रत्यक्ष वस्तूचे नाव घे. आणि प्रसंग भयंकर होता असे सांगू नकोस, वाचणारा स्वतःच घाबरेल असे वर्णन कर. आपल्या भक्तिपर मराठी गद्यात 'अलौकिक', 'अवर्णनीय', 'हृदयस्पर्शी' या विशेषणांची जी रेलचेल असते, तिच्यावर याहून नेमके औषध नाही. हा आरोप आम्ही प्रथम स्वतःवरच ठेवतो.

दोषही सांगितले पाहिजेत. अखेरच्या कथेत चार भावंडांपैकी सुझन नार्नियाला मुकते. तिचे लक्ष लिपस्टिककडे, मोज्यांकडे आणि आमंत्रणांकडे लागलेले असते. १९५७ साली एका मुलाने तिच्याविषयी विचारले. लुईस उत्तरतात, की ती या जगात जिवंत आहे, तिला सुधारायला पुष्कळ वेळ आहे, ती तिच्या वाटेने कदाचित पोहोचेल. आशा सोडलेली नाही, हे खरे. पण वयात आलेल्या मुलीचा शृंगार हाच तिच्या दुराव्याचा पुरावा का व्हावा, हे उत्तर सांगत नाही. तसेच 'द हॉर्स अँड हिज बॉय'मधील कॅलोर्मेन देश. फेटे बांधणारे, सावळ्या वर्णाचे, क्रूर देवतेला भजणारे हे लोक भारतीय वाचकाला खटकल्याशिवाय राहत नाहीत. अखेरच्या कथेत त्याच देशाचा एक प्रामाणिक सैनिक अस्लानकडून स्वीकारला जातो, ही जमेची बाजू. तरी चित्र एकांगीच राहते. आमच्या रत्नागिरीच्या एखाद्या मुलीने त्या काळी लेखकाला पत्र लिहिले असते, तर तिने हेच विचारायला हवे होते. लुईस यांना ते आवडलेही असते, असे आम्हांला वाटते.

संग्रहाची आणखी एक उणीव संपादकांच्या हातची नाही. लुईस आलेली पत्रे जपून ठेवीत नसत. त्यामुळे उत्तरे आहेत, पण मुलांचे आवाज बहुतांशी हरवले आहेत. एका बाजूचे बोलणे ऐकून दुसरी बाजू ताडावी लागते.

असे एकतर्फी बोलणे आपल्या जिल्ह्याला अपरिचित नाही. दापोली तालुक्यातील पालगडला १८९९ साली जन्मलेले, दापोलीच्या मिशन शाळेत शिकलेले साने गुरुजी यांनी आयुष्याच्या अखेरीस पुतणी सुधा हिला लिहिलेली पत्रे 'साधना'तून प्रसिद्ध झाली आणि पुढे 'सुंदर पत्रे' या नावाने ग्रंथरूपात आली. गुरुजी अद्भुतकथांचे लेखक नव्हेत आणि सुधा ही अनोळखी वाचक नव्हे. तरी तुलना उद्बोधक आहे. गुरुजींचे पत्र एका मुलीच्या नावे लिहिलेले असले, तरी महाराष्ट्रातील प्रत्येक मुलाला ते आपल्याच घरी आल्यासारखे वाटले. पाऊस, फुले, कोकणच्या आठवणी, देशाची सुखदुःखे, सर्व त्यात वाहत येते. लुईस यांच्या पत्रांत ही ओल नाही. ती आखूड आहेत, कधी कोरडीही. उलट गुरुजींच्या पत्रांत मूल ऐकणारे आहे, विचारणारे क्वचितच. भावनेचा लोंढा इतका मोठा, की मध्येच हात वर करून शंका विचारायला मुलाला जागा उरत नाही. आम्ही वाढलो ते गुरुजींच्या अश्रूंवर, आणि त्याचे ऋण मोठे आहे. परंतु शंका घेणाऱ्या मुलाला उत्तर देण्याची वेळ आली, की आम्हांला लुईस अधिक उपयोगी वाटतात.

पालकांनी मुद्दाम वाचावे असे आणखी एक पत्र १९४९ सालचे आहे. धर्मकन्येच्या दृढीकरणाला लुईस जाऊ शकले नाहीत. घरी आजारी वृद्धेची शुश्रूषा होती. त्यांनी तिला लिहिले, की त्या दिवशी आणि पहिल्या ख्रिस्तप्रसादाच्या वेळी मनात हव्या तशा भावना येतीलच, अशी अपेक्षा धरू नकोस. त्या आल्या तर उत्तम. न आल्या तरी प्रभू आपले कार्य करीत असतोच. पांढरा पोशाख, फोटो, पाहुणे, जेवणावळी यांच्या गडबडीत आपल्या घरातल्या किती मुलांनी त्या दिवशी 'मला काहीच वाटले नाही' हे दुःख गुपचूप गिळले असेल! त्यांना हे वाक्य कोणीतरी वेळेवर सांगायला हवे होते.

मृत्यूपूर्वी महिनाभर आधी, २६ ऑक्टोबर १९६३ रोजी, लुईस यांनी एका मुलीला लिहिले, की कथेआडची कथा तुला कळली याचा आनंद वाटतो. मुलांना ती बहुधा कळते, मोठ्यांना क्वचितच. पुढच्या महिन्यात, २२ नोव्हेंबरला ते गेले.

लेखकांना पोस्टकार्ड लिहिणारी मुले आता फारशी उरलेली नाहीत. प्रश्न मात्र उरले आहेत, आणि ते आता लेखकाकडे न जाता स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर येऊन थांबतात. देव सिंहापेक्षा कमी आवडला तर पाप लागते का, असा प्रश्न संध्याकाळच्या रोझरीनंतर एखाद्या घरात आजही विचारला जात असेल. त्या मुलाला उत्तर लगेच सुचले नाही तरी चालेल. 'विचार करून सांगते' असे आईने म्हणावे आणि खरोखरच सांगावे. आमच्या त्या राक्षसाचे काय झाले, हे आम्हांला अजूनही कळलेले नाही.